कमरेएवढं पाणी

झुंबरबाईला मारून चाळीस वर्षं होऊन गेली होती, आणि ती अजून रोज सकाळी त्याच विहिरीवर पाणी शेंदायला येत होती.

मारलं कुणी, तर आगटे मास्तरानं. कुऱ्हाडीनं नाही, टाकानं. हा मास्तर निंबवाडीच्या शाळेत होता. गावची भाकरी खाऊन गुटगुटीत झाला, बदली होऊन शहरात गेला आणि तिथं बसून त्यानं कादंबरी लिहिली, 'विहिरीची सून'. तिच्यातली हौसा म्हणजे झुंबरबाई. नाव तेवढं बदललं. बाकी हनुवटीवरच्या गोंदणापासून पायातल्या जोडव्यापर्यंत सगळी तीच. दारू पिऊन गुरासारखा मारणारा नवरा तोच, थोरल्या घराचा सोपा तोच, विहीर तीच. शेवटच्या पानावर हौसा त्या विहिरीत उडी टाकते. सासू ऊर बडवते, नवऱ्याचे डोळे उघडतात आणि वाचणारा धाय मोकलून रडतो. लोक रडले म्हणून पुस्तक थोर ठरलं. थोर ठरलं म्हणून शाळेच्या पुस्तकात त्याचा धडा आला. धडा आला म्हणून निंबवाडीला सहली यायला लागल्या, आणि पंचायतीनं विहिरीच्या काठाला दगड बसवला. त्यावर कोरलं, हौसेची विहीर. झुंबरबाई त्या दगडावर लुगडं आपटून धूत असे.

खरं काय, तर झुंबरबाईनं उडी टाकली नव्हती. तिनं काडी मोडली होती.

ज्यांना काडी मोडणं ठाऊक नाही त्यांनी आपल्या आजीला विचारावं. आजी सांगणार नाही, पण तिच्या तोंडावरनं कळेल. आपल्या रानातल्या माणसांत बाईचं नवऱ्याशी जमेना, तर ती विहीर हुडकत जात नव्हती. पंच बसायचे. वाळल्या गवताची काडी आणायचे. एक टोक नवऱ्याच्या हातात, एक बायकोच्या. काडी मोडली की संसार मोडला. कोर्ट नको, वकील नको. पुढं बाईच्या मनात असलं तर ती म्होतूर लावून दुसरं घर करायची, आणि त्या घरातही तिच्या हातची भाकरी गोडच लागायची. झुंबरबाईनं पिराजीच्या हातातली काडी चावडीपुढं, दिवसाढवळ्या मोडली. अंगावरच्या लुगड्यानिशी थोरल्या घरातनं बाहेर पडली. मग केरबाशी म्होतूर लावून त्याच गावात, त्याच आळीच्या टोकाला राहिली. तिला ज्ञानू झाला. केरबा भला माणूस होता, मागल्या साली वारला.

आणि आगटे मास्तर त्या दिवशी चावडीच्या कट्ट्यावर बसून सगळं बघत होता. पंचांच्या मांडीला मांडी लावून त्यानं चहा प्याला होता. तेव्हा न कळून चुकला असं कुणी म्हणू नये. पुस्तकाचं नाव झाल्यावर एकदा तो गावात सत्कार घ्यायला आला, तेव्हा झुंबरबाईनं त्याला वाटेतच गाठला.

"मास्तर, मला का मारलंसा?"

मास्तर ओशाळला, पण हसला. "बाई, तू जगलीस तर वाचणारा रडणार कसा?"

हे उत्तर तिच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. मास्तर मेला, त्याचा पुतळा करायचं घाटत होतं, पण खिळा काही निघाला नव्हता.

त्या दिवशी सकाळी ती पोहरा ओढत होती आणि अमीरबी काकणांची पेटी खाली ठेवून कट्ट्यावर टेकली होती. अमीरबी गावची काकणवाली. झुंबरच्या पहिल्या लग्नाचा चुडा अमीरबीच्या सासूनं भरला होता, म्होतराचा खुद्द अमीरबीनं. दोघींच्या जिभा सारख्याच तिखट, म्हणून मैत्री टिकली होती. तेवढ्यात धुरळा उडवत जीप आली. टपावर भोंगा.

"येत्या रविवारी दुपारी कोल्हापुरात. दोन पिढ्यांना रडवणारी अमर कादंबरी, 'विहिरीची सून', आता प्रथमच रंगभूमीवर. रंगमंचावर खरीखुरी विहीर. खरंखुरं पाणी. हौसाची काळीज चिरणारी उडी आपल्या डोळ्यांनी बघा."

जीप वळणाआड गेली तरी भोंगा ऐकू येत होता.

"घे," अमीरबी म्हणाली. "आता तिकीट लावून मारत्यात तुला."

"फुकाट मारून कटाळली आसतील."

"पाणी खरं हाय म्हंत्यात."

"पाणीच तेवढं खरं."

गाव मात्र फुगलं होतं. गेला महिनाभर दुसरा विषय नव्हता. डेअरीवर दूध घालताना नाटक, न्हाव्यापुढं गाल धरून बसल्यावर नाटक, मयताला गेलं तरी सरण पेटेपर्यंत नाटक. कुणाचा ट्रक न्यायचा, कुणी फेटा बांधायचा, पहिल्या रांगेत कोण बसायचं यावरनं दोन घरांत बोलणं बंद झालं. बायकांनी ठेवणीतली लुगडी उन्हात घातली. एकीनं तर झुंबरबाईलाच विचारलं, "आक्का, येनार न्हवं हौसा बघाय? मोठा रुमाल घिऊन या, लै रडाय येतंय म्हंत्यात."

तरण्या पोरीला ठाऊक नव्हतं, तिचा काय दोष. पण ज्यांना ठाऊक होतं ते म्हातारे कुठं गेले होते? ते तिथंच होते, मिशा कुरवाळत. काडी मोडताना ज्यांनी "शाबास पोरी" म्हटलं, त्यांच्या सुना आता खुर्चीवर बसायला लागल्या होत्या. माळावर कारखाना निघाला, उसाचा पैसा आला, आणि पैशामागनं लाज आली. घरात काडी मोडलेली आजी निघाली तर सोयरीक मोडायची. त्यापेक्षा विहिरीत पडलेली हौसा बरी. पडलेली बाई पवित्र असते, बोलत नाही, आणि तिचा फोटो भिंतीवर लावता येतो. आपल्या बापजाद्यांनी बाईला जी वाट ठेवली होती ती या शिकल्यासवरल्यांनी बुजवली, आणि वर त्या जागी विहिरीचं स्मारक केलं. याला सुधारणा म्हणतात.

मंगळवारी गणपतराव मोटार घेऊन विहिरीवर आला. थोरल्या घरचा आताचा कर्ता हा. पिराजीच्या धाकट्या भावाचा मुलगा, म्हणजे एके काळच्या नात्यानं झुंबरबाई त्याची चुलती. हा जन्मायच्या आधीच ते नातं मोडलं होतं, आणि तो ते कधी ओठावर येऊ देत नसे. कारखान्यात डायरेक्टर होता. नाटकामागचा पैसा त्याचाच. बरोबर नाटक बसवणारे प्रभुदेसाई होते, कोल्हापुरातल्या कॉलेजात शिकवणारे, खांद्याला शबनम, डोळ्यांवर जाड काच. त्यांना विहीर शेवटची बघून घ्यायची होती.

"ही झुंबरबाई," गणपतरावानं ओळख करून दिली. "हौसाची बालमैतरीण. दोघी एका वयाच्या. हिनं समदं डोळ्यांनी बघितलंय."

झुंबरबाईनं दोर दगडाला गुंडाळला. "कुनाची मैतरीण?"

"हौसाची की. वय झालं, इसरत आसशील."

प्रभुदेसायांनी हात जोडले. "आजी, पहिल्या प्रयोगाला आम्ही तुमचा सत्कार करणार आहोत. हौसाला प्रत्यक्ष पाहिलेलं आता तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही."

"तुमी शिकल्यालं दिसताय," झुंबरबाई म्हणाली, "तर नीट ऐका. हौसाबिवसा कोन न्हाय. ती मीच. मी मेलो न्हाय. ह्येच्या चुलत्याबरुबर काडी मोडली आन् चालत भाईर पडलो. पंचांनी बघितलं, तुमच्या मास्तरानं बघितलं. नाटकात तसं दावा."

प्रभुदेसायांचे डोळे एकदम चमकले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. गणपतरावाकडं बघितलं. गणपतराव आभाळातली घार बघत होता.

"आजी, हे फार विलक्षण आहे," प्रभुदेसाई म्हणाले. "खरंच विलक्षण. पण आता एक अडचण आहे. विहीर तयार झालीय."

"म्हंजे?"

"इचलकरंजीहून लोखंडी टाकी करून आणलीय. वर दगडाचं काम रंगवून घेतलंय. जाहिरात सगळी विहिरीचीच झाली. आता उडीच काढली तर त्या विहिरीचं करायचं काय?"

झुंबरबाई त्यांच्याकडं बघत राहिली. मास्तरानं रडण्यासाठी मारलं होतं. हा टाकीसाठी मारत होता. मास्तर परवडला.

"म्हंजे तुमी हीर बांधली म्हनून मी मरायचं."

"तसं नाही आजी. ही हौसा आता एकट्या तुमची राहिलेली नाही. ती सगळ्या महाराष्ट्राची आहे."

"मग महाराष्ट्राला टाका की हिरीत."

गणपतरावानं प्रभुदेसायांना मोटारीत बसवलं आणि तो एकटा परत आला. आता आवाजात गोडवा नव्हता.

"ज्ञानू कारखान्यात सीझनपुरता हाय. त्याला कायम करायचं माझ्या मनात हाय. रविवारी स्टेजवर यायचं, शाल घ्यायची, नारळ घ्यायचा आन् गप बसायचं. माईक काय तुझ्या हातात मी देनार न्हाय."

"आन् न्हाय आलो तर?"

"तर सीझन संपत आलाच की," गणपतराव म्हणाला आणि गेला.

हे बोलणं ज्ञानूच्या कानावर त्याच दिवशी गेलं. गणपतरावानंच घातलं असणार. संध्याकाळी तो जेवायला बसला, पण भाकरीचा तुकडा हातातच राहिला. ज्ञानूला दोन लेकरं, बायको अंगानं बारीक, आणि सीझन संपला की चार महिने दुसऱ्याच्या बांधावर.

"आये, एक शाल घ्यायची. त्यात तुझं काय जातंय?"

"मी मेलो म्हनून शाल घिऊ?"

"नाटक हाय ते."

"पुस्तकातली मेली तवा तिला पोर न्हवतं. मग तू कुठनं आलास? हिरीतनं?"

ज्ञानूनं तुकडा ताटात ठेवला. मग मान वर न करता म्हणाला, "शाळंत पोरं मला म्होतराचा म्हनायची. मास्तर धडा शिकवाय लागला की समदी माझ्याकडं बघून हासायची. तवा मला वाटायचं, पुस्तकातलंच खरं आसतं तर बरं झालं आसतं."

चुलीतलं लाकूड फुटलं. झुंबरबाईनं ते आत सारलं, हात भाजला तरी काढला नाही.

"म्हंजे मी मेलो आसतो तर."

"तसं न्हाय म्हनलो मी."

"तसंच म्हनलास." तिनं त्याच्या ताटात आमटी वाढली. "जेव. येतो रविवारी. शाल घेतो. गप बसतो."

दुसऱ्या दिवशी अमीरबीला हे कळलं तेव्हा ती पेटी बंद करून उठलीच. "तू आन् गप बसनार? तुझ्या शेजारी मला बसीव. मला बगाय पायजे."

रविवारी निंबवाडीतनं दोन ट्रक भरून माणसं निघाली. खासबागेच्या अंगाला थेटरापुढं जत्रा भरल्यागत गर्दी. गजरेवाले, भडंगवाले, पेठेतले पैलवान, कॉलेजच्या पोरी, इचलकरंजीच्या मागवाल्यांची एक सबंध टोळी पाळी चुकवून आलेली. वर हौसाचं मोठं चित्र. मोकळे केस, वर केलेले हात, खाली काळं पाणी. झुंबरबाईनं ते चित्र खालपासून वरपर्यंत बघितलं. चित्रकारानं हनुवटीवर गोंदण काढलं होतं. बरोबर जागी काढलं होतं. तिला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली.

सत्कारासाठी तिला आतल्या बाजूनं स्टेजवर नेलं. पडदा अजून पडलेलाच होता. मधोमध विहीर. कापडावर रंगवलेले दगड, त्यावर रंगवलेलं शेवाळ, आणि आत लोखंडी टाकी. एक गडी टाकीत उभा राहून नळीनं पाणी सोडत होता. पाणी त्याच्या कमरेला लागत होतं. त्यानं विडी ओठांत धरली होती आणि ती विझलेली नव्हती.

हौसाचं काम करणारी पोरगी नऊवारी सावरत आली आणि झुंबरबाईच्या पाया पडली. कॉलेजातली पोर, मेकअपखाली गोरीमोरी झालेली.

"आजी, आशीर्वाद द्या. तुम्ही हौसाच्या मैत्रीण ना."

झुंबरबाईनं तिला दंडाला धरून उठवलं. "पवाय येतंय का तुला?"

"नाही. लागतच नाही, कमरेएवढंच आहे. उडी टाकायची आणि काठाआड वाकून बसायचं, पडदा पडेपर्यंत."

"लै येळ?"

"सासूचा विलाप आहे, मग पिराजीचं भाषण आहे." पोरगी हसली. "तालमीत सर्दी झाली मला."

"पिराजी?" झुंबरबाईनं विचारलं. "नवऱ्याचं नाव पिराजी ठेवलंय?"

"हो. कादंबरीत वेगळं आहे. गणपतराव म्हणाले, त्यांच्या चुलत्यांचं ठेवा. मोठा माणूस होता म्हणे, शेवटी फार सुधारला."

पिराजी शेवटी गटारात मेला होता. पण तेवढ्यात घंटा झाली आणि पडदा वर गेला.

सत्कार गणपतरावानं सांगितला तसाच झाला. शाल, नारळ, टाळ्या. माईक गणपतरावाच्या मुठीत. "हौसासारखी सून ज्या घरात नांदली त्या घरचा मी," असं तो म्हणाला आणि त्याचा गळा भरून आला. गळा खरा भरला होता. जन्मभर एक खोटं सांगत राहिलं की माणसाला रडू खरं येतं. झुंबरबाईनं विंगेत बघितलं. तिथं ज्ञानू उभा होता, इस्त्रीचा सदरा घालून, हात जोडून. गणपतरावाला नव्हे, तिला. तिनं नारळ ओटीत घेतला आणि तोंड मिटलं.

मग पहिल्या रांगेत तिला बसवलं. शेजारी अमीरबी, पलीकडं गणपतराव. तिसरी घंटा झाली, अंधार झाला.

नाटक वाईट होतं असं म्हणायची सोय नाही. ते चांगलं होतं, हेच त्याचं वाईट. पोरगी जीव तोडून काम करत होती. नवऱ्यानं तिला वेताटीनं मारलं तेव्हा झुंबरबाईच्या पाठीवरचे जुने वळ उठले. सासूनं जेवणाचं ताट ओढून घेतलं तेव्हा तिनं ओटीतला नारळ घट्ट धरला. सगळं खरं होतं. खरंच होतं म्हणून शेवटचं खोटं पचत होतं. ती वाट बघत होती. आता चावडी येईल, आता पंच येतील, आता वाळल्या गवताची काडी. तिला ठाऊक होतं येणार नाही, तरी ती पुढं सरकून बसली होती. चाळीस वर्षं एका गोष्टीची वाट बघितली की ती सवयच लागते.

चावडी आली नाही. विहीर आली. हौसानं केस सोडले, हात वर केले आणि उडी टाकली. पाणी खरंच उसळलं. पहिल्या रांगेच्या अंगावर थेंब आले. थेटरात हुंदका फुटला, एक, मग शंभर. सासू विहिरीच्या काठावर ऊर बडवायला लागली. "पोरी, अगं पोरी, दळताना ओवी कोन म्हनंल गं."

झुंबरबाईनं बाजूला बघितलं. अमीरबी पदर तोंडात धरून रडत होती. हिनं म्होतराची काकणं स्वतःच्या हातानं भरली होती.

झुंबरबाईनं तिच्या बरगडीत कोपर मारलं. "कुनासाठी रडालीस?"

"हौसासाठी गं."

"आगं मी बसलोय की हितं."

"ते ठावं हाय मला," अमीरबी नाक ओढत म्हणाली. "पर ती पोरगी बग की, कशी गेली."

तर मास्तराचं बरोबर होतं. झुंबरबाईच्या डोक्यात ते लख्ख पडलं. जिवंत झुंबर शेजारी, मांडीला मांडी लावून बसली होती, आणि तिची सख्खी मैत्रीण रंगवलेल्या विहिरीसाठी रडत होती. स्टेजवर पिराजी पुढं आला होता. "माझी हौसा देवी होती," म्हणत होता. आणि त्या काठाआड ती पोरगी गार पाण्यात वाकून बसली होती, नाक तेवढं वर काढून, जिवंत, आणि तिच्या डोक्यावरनं सगळे तिच्या मरणाचं बोलत होते. तिला सर्दी झाली होती.

झुंबरबाई उठली. शाल खाली पडली.

"ऊठ बाई," ती म्हणाली. घसा शेतातला, त्याला माईक लागत नव्हता. "ऊठ. पाणी कमरंएवढंच हाय. गारठून मरशील."

पिराजीचं भाषण थांबलं. सासूचा हात छातीवरच राहिला. गणपतरावानं तिचं मनगट धरलं, तिनं ते झटकून टाकलं.

"मी बघितलंय गं. गडी हुबा हुता त्यात, विडी वडत. ऊठ म्हनतो न्हवं. थोरल्या मानसानं सांगिटलं तर ऐकावं."

आणि पोरगी उठली. घरची वळणाची पोर असणार. थोराचा शब्द मोडायची सवय नसणार. टाकीत ती उभी राहिली, लुगडं अंगाला चिकटलेलं, दात वाजत होते, हात छातीशी. पाणी तिच्या कमरेला लागत होतं, सगळ्या थेटराला दिसलं. मागच्या बाकांवरनं कुणीतरी हसलं. पैलवानांच्या बाजूनं शिट्टी आली.

"बगा," झुंबरबाई लोकांकडं वळली. "मेली न्हाय. कवाच मेली न्हवती. हिनं काडी मोडली. ह्यो गणपा माझ्या मोडल्याल्या दाल्ल्याचा पुतन्या. ह्येला ठावं हाय. माझ्या गावाच्या म्हाताऱ्यास्नी ठावं हाय, हितंच बसल्यात फेटं बांधून. आन् त्यो तिकडं हुबा हाय त्यो माझा ल्योक, म्होतराचा. मेल्याल्या बाईला पोर हुतंय व्हय?"

हसणं थांबलं. मग बायकांच्या बाजूनं, पार मागनं, म्हातारा आवाज आला. घाईचा नव्हता, रडका नव्हता.

"माझी बी मोडलीया. त्यात काय झालं."

सगळ्यांच्या माना मागं वळल्या, पण म्हातारी कोण ते अंधारात दिसलं नाही. तेवढ्यात विंगेतनं प्रभुदेसायांचा आवाज फाटला, "पडदा, पडदा पाडा," आणि पडदा पडला. पाणी पडद्याखालनं वाहत पहिल्या रांगेपर्यंत आलं.

"ज्ञानू," गणपतराव दातांतनं म्हणाला, "ने हिला."

ज्ञानू आला. तोंड काळंठिक्कर पडलेलं. त्यानं तिच्या दंडाला धरलं आणि सगळ्यांच्या नजरांमधनं बाहेर काढलं. अमीरबी मागनं पेटीसारखी शाल काखेत मारून आली. बाहेर ऊन होतं. भडंगवाला ओरडत होता. बरंच अंतर तिघं चालत राहिली.

"नोकरी गेली," ज्ञानू म्हणाला.

"व्हय."

आणखी थोडं चालल्यावर त्यानं विचारलं, "ती पोरगी खरंच उठली व्हय?"

"तू बघितलं न्हाईस?"

"मी खाली मान घातली हुती."

"समद्यांनी चाळीस वर्सं त्येच केलंय," झुंबरबाई म्हणाली. "तू तरी वर कर आता. काय गिळत न्हाय तुला कोन."

ज्ञानूनं मान वर केली की नाही हे तिनं बघितलं नाही. ती पुढं चालत होती. तिला अजून राग होता, आणि तो कुणावर किती वाटून द्यावा हे तिला ठरवता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं की नाटकाला तुफान प्रतिसाद मिळाला आणि एका वृद्ध प्रेक्षक महिलेला भावना अनावर झाल्या. गावानं तिच्याशी बोलणं टाकलं. कारखान्याचा सीझन संपला, आणि पुढच्या सीझनला यायचं नाही असं ज्ञानूला सांगितलं. तो इचलकरंजीला मागाच्या खात्यात पाळीवर लागला, आठवड्याला घरी येऊ लागला. येताना लेकरांना चिरमुरे आणायचा. आईशी बोलायचा, पण नाटकाबद्दल नाही.

दोन-अडीच महिन्यांनी अमीरबी विहिरीवर आली, पेटी ठेवली आणि दम खाऊन म्हणाली, "माझी भाची हाय न्हवं गडहिंग्लजला, मदिना. तिकडं झालं तुझं नाटक."

"माझं न्हवं ते."

"ऐक तर. उडी टाकली, सासू रडाय लागली, आन् मागनं कोन तरी बाई वरडली. ऊठ बाई, पाणी कमरंएवढंच हाय. समदं थेटर हासलं म्हनं."

झुंबरबाईचा बादलीत लुगडं बुचकळणारा हात थांबला. "मग? आली का वर?"

"न्हाय. टाकी खोल करून घेतलीया त्यांनी. आन् पोरगी बी दुसरी आनलीया, पवनारी. तळाला जाऊन बसती म्हनं."

"आन् वरडल्याली बाई?"

"भाईर काडली तिला."

"कोन हुती?"

"कोन इचारतंय नाव."

झुंबरबाई थुंकली. मग तिनं लुगडं पाण्यातनं काढलं, पिळलं आणि काठाच्या दगडावर आपटलं. आवाज पार चावडीपर्यंत गेला. दगडावरचं 'हौसेची' आता निम्मं झिजलं होतं. 'विहीर' तेवढं अजून वाचता येत होतं.

"जरा हळू की," अमीरबी म्हणाली. "फाटंल लुगडं."

"फाटू दे," झुंबरबाई म्हणाली, आणि तिनं पुन्हा हात वर उचलला.